चौदा उतारे

रविवारी चुनेवाला वाचायला उभा राहिला, की चर्चमधली माणसं आधी एकमेकांची तोंडं बघायची. आज कुणावर गदा येणार, एवढंच सगळ्यांना जाणून घ्यायचं असायचं. पाळक महिन्यातून एकदाच यायचे. त्यांच्याकडे सात गावं आणि एक मोटारसायकल, बिचारे करणार तरी काय! उरलेल्या रविवारी शास्त्र वाचायचं काम चुनेवाल्याकडे होतं, आणि काय वाचायचं ते ठरवायचं कामही त्याच्याचकडे. तीस वर्षं हे चाललं होतं, आणि तीस वर्षांत ह्या गृहस्थानं एक रविवार म्हणून वाया घालवला नव्हता.

दुकानदारानं मापात मारलं, की येत्या रविवारी खोट्या तराजूचा उतारा. सुताराचा थोरला ऊन वर येईपर्यंत लोळतो असं कानावर आलं, की आळशानं मुंगीकडून काय शिकावं तो उतारा. दोन बायका नळावर भांडल्या, की जिभेचा. नाव कुणाचं घ्यायचा नाही. गरजच नव्हती. वाचता वाचता एका जागी थांबायचा, चष्म्यावरून त्या बाकाकडे बघायचा आणि पुढचं वाक्य जरा सावकाश म्हणायचा. त्या बाकावरचा माणूस मान खाली घालून पायाचा अंगठा बघत बसायचा, आणि बाकीचे आपण सुटलो म्हणून मनातल्या मनात प्रभूचे आभार मानायचे. आता ह्याला उपासना म्हणायची की पंचायत, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चुनेवाल्याला मात्र आपण देवाचंच काम करतोय, ह्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

तीन वर्षांपूर्वी पाळी आली ती त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची. धाकटा गवंडी. दोघांची घरं शेजारी, मधे बापाच्या वेळचा हद्दीचा दगड. गवंड्यानं शेळ्यांसाठी भिंत बांधली तेव्हा तो दगड हातभर सरकवला, असं चुनेवाल्याचं म्हणणं. गवंडी म्हणाला, दगड आहे तिथंच आहे, दादाची नजरच सरकलीय. झालं. शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्यावर शास्त्रात जे काही म्हटलंय ते चुनेवाल्यानं शोधून काढलं आणि ओळीनं पाच रविवार वाचलं. पाचव्या रविवारी गवंडी मधेच उठला. त्यानं बायकोला खूण केली, दोन्ही मुलींना पुढे घातलं आणि भर उपासनेतून सगळं घर बाहेर पडलं. ते पुन्हा आले नाहीत.

त्या दिवशी चुनेवाल्याच्या बायकोनं घरी येऊन ताट वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे तिला पटलं, असं त्यानं धरलं. नवऱ्यांचा हिशोब असाच असतो.

ह्या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. चुनेवाल्याला आता वाचता येत नव्हतं. अक्षर येत होतं, डोळे साथ देत नव्हते. डावा डोळा बारा वर्षांपूर्वीच गेला होता. भट्टीतून काढलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी टाकताना एक कण उडाला आणि बसला बुबुळावर. उजव्यावर तो निभावत होता, पण गेल्या दीड वर्षात त्याच्यावरही साय धरली. दगड, माणूस, दार एवढं कळायचं. पान नाकाला लावलं तरी ओळी एकमेकींत मिसळायच्या. तरी तो दर रविवारी उभा राहायचा, पुस्तक उघडायचा आणि घडाघडा म्हणायचा, कारण चौदा उतारे त्याला तोंडपाठ होते.

आणि ते चौदाच्या चौदा झोडपणारे. आपण जे चवीनं म्हणतो तेच जिभेवर राहतं. दिलाशाचं, मायेचं त्यानं कधी वाचलं नव्हतं असं नाही, पण ते पाहुण्याला पाणी द्यावं तसं भरभर उरकलं होतं. आता तो चौदांचंच रहाटगाडगं फिरवत होता. वाचक वयाबरोबर कडक होत चाललाय, असं सुताराची बायको म्हणायची.

ऊन तापायला लागलं त्या दिवसांत त्याची बायको पडली. चुना भिजवायच्या हौदापाशी सांडलेल्या राबडीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या डॉक्टरनं पायाला वजन बांधून दोन महिने झोपवून ठेवायला सांगितलं. खाटेच्या पायथ्याला कप्पी बसवली, दोरीला दोन विटा लटकवल्या आणि ती धडधाकट बाई त्या दोन विटांना बांधली गेली. लग्न झालेली मुलगी येऊन पंधरा दिवस राहिली, पण तिलाही तिचं घर होतं. ती गेल्यावर गल्लीतली म्हातारी सुईण सकाळ-संध्याकाळ यायची, अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची आणि जाताना चुनेवाल्याला दोन शब्द सुनावून जायची.

सहावा रविवार झाला. वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. चुनेवाला चर्चमधून आला, टोपी खुंटीला लावली आणि पंखा घेऊन खाटेशी बसला.

"आज काय वाचलंत?" बायकोनं विचारलं.

त्यानं सांगितलं. आज दुकानदाराची पाळी होती.

"मला वाचून दाखवा ना काहीतरी. सहा रविवार झाले, कानावर काही पडलं नाही. आत नुसतं कोरडं कोरडं झालंय."

नाही म्हणायला त्याला कारण सुचलं नाही. त्यानं फडताळातून पुस्तक काढलं, मांडीवर मधोमध उघडलं, चष्मा पुसला, खाकरला आणि मुंगीचा उतारा सुरू केला. बायकोनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी काय आळसानं पडलेय का, दुसरं वाचा. त्यानं चार पानं उलटली आणि तोंडाला आला तो भांडकुदळ बायकोचा उतारा. तिला हसू फुटलं. हसताना खुब्यातून कळ आली, तशी तिनं खाटेची दांडी धरली. पुरे हो, म्हणाली, दुसरं. त्यानं पुन्हा पानं उलटली आणि खोट्या तराजूचा सुरू केला.

आता ती हसली नाही. तो संपेपर्यंत तशीच पडून राहिली. बाई अडाणी, अक्षरशत्रू, पण तीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेली. चौदातला कुठला कुठं संपतो हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

"कधीपासून दिसत नाही?" तिनं विचारलं.

चुनेवाल्यानं पुस्तक मिटलं. भट्टीवर गडी वाट बघत असतील असं म्हणाला. रविवारी भट्टीवर चिटपाखरू नसायचं, हे त्याला बाहेर पडल्यावर आठवलं. तरी तो तिकडंच गेला आणि ऊन उतरेपर्यंत थंड भट्टीभोवती फेऱ्या मारत राहिला.

सोमवारपासून भट्टी भरायची होती. टेकडीच्या पोटात गोल चिरेबंदी विहीर असावी तशी ती भट्टी. वरून एक थर कोळशाचा, एक थर चुनखडीचा असं तोंडापर्यंत भरत आणायचं, खालून पेटवायची, आणि तीन दिवस ती जळत असेपर्यंत डोळ्याला डोळा लावायचा नाही. दगड मुठीएवढा फोडून लागतो. त्यात मातकट दगड गेला तर तो भाजत नाही, चुन्यात खडा म्हणून राहतो आणि भिंतीला फोड आणतो. चुनेवाला पूर्वी नुसत्या नजरेनं दगड बाजूला टाकायचा. आता तो हातोड्यानं टिचकी मारून आवाजावर ओळखत होता. खणखणला तर आत, बद्द वाजला तर बाहेर. जुना गडी घमेली वाहता वाहता हे बघत होता, पण मालकाला कोण विचारणार.

काम चाललं होतं, मन चालत नव्हतं. सगळ्या बाजूंनी एकच टोचणी. मंडळीतल्या कुणालाही बोलावलं असतं तर आनंदानं आला असता आणि पानभर वाचून गेला असता. सुताराची बायको वाचायची, दुकानदार वाचायचा. पण मग प्रश्न आला असता, वाचकाच्या घरात वाचायला दुसरा का? आणि तो एकदा आला की पुढच्या रविवारी चर्चमधल्या वाचायच्या मेजापाशी दुसराच उभा. चुनेवाल्याकडे होतं काय? एक भट्टी, एक डोळा आणि ते मेज. डोळा तर गेलाच होता.

दुपारी तो बाजारात घड्याळवाल्याकडे गेला आणि तो डोळ्याला लावतो ते भिंग मागून आणलं. कशाला म्हणून विचारल्यावर कुसळ काढायला, असं सांगितलं. घरामागं उन्हात बसून त्यानं पुस्तकावर भिंग धरलं. एकेक अक्षर भोपळ्याएवढं झालं, पण धूसर ते धूसरच. वर भिंगानं ऊन गोळा केलं आणि पानाला बारीकसं भोक पडलं. ते बघून, म्हणजे वासावरून कळून, त्यानं भिंग झटकन वर उचललं. त्यानं भिंग खिशात घातलं आणि भोकावर कितीतरी वेळ बोट धरून बसला.

मग म्हणाला, वाचता नाही तर नाही, गोष्ट तर सांगता येईल. संध्याकाळी त्यानं बायकोला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला घेतली. शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकलं, मेंढपाळ बाकीची सोडून रानोमाळ शोधत निघाला. इथवर ठीक होतं. बायको डोळे मिटून ऐकत होती. पण सवय कुठं जाते! मेंढपाळाला काटे लागले, पाय फुटले, हे सांगता सांगता चुनेवाल्याला त्या मेंढराचाच राग आला. सगळी सरळ चालत असताना ह्यालाच कुठं जायची अवदसा आठवली, सांगितलेलं ऐकायला नको, असं करत करत त्यानं मेंढराला चांगलं फैलावर घेतलं. ते सापडल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

"बिचारं," एवढंच बायको म्हणाली, आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून तिनं तोंड तेवढं भिंतीकडं वळवलं.

त्या आठवड्यात तिचं खाणं सुटलं. पेज दोन चमचे घेतली की पुरे म्हणायची. चहा गार व्हायचा. पाळक येऊन प्रार्थना करून गेले, त्यांनी चार ओळी वाचल्या, तेव्हा दोन दिवस तिला जरा हुशारी आली. पण ते आता पुढच्या महिन्याशिवाय येणार नव्हते. सुईणीनं तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून चुनेवाल्याच्या हाताला लावली. बघ, म्हणाली, दिसत नसेल तर हात लावून बघ. सुईणीला कळलं होतं तर. आयुष्यभर अंधारात हातानं काम करणारी बाई ती, तिला काय कळणार नाही.

"हाड जुळेल," सुईण म्हणाली. "हाडाचं मला भय नाही. पण उठायला माणसाच्या मनात उठायचं असावं लागतं. हिनं आतून हात सोडलाय."

 चौतीस वर्षांचा संसार. ही बाई त्याच्याबरोबर दगड फोडत आली, तिच्या हातांना चुन्यानं चिरा पडल्या, एक मूल गेलं तेव्हा तिनं त्यालाच सावरलं. ती हात सोडेल हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. सुईण गेल्यावर तो खाटेशी जाऊन उभा राहिला, विटांची दोरी उगाच चाचपली, बसला, पुन्हा उठला.

"बसा की एका जागी," बायको म्हणाली. "भट्टीवर पाऊस येत असल्यासारखे काय करताय?"

"तुला काय हवं ते सांग. मी आणतो."

तिनं त्याच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "भाऊजींना बोलवा."

चुनेवाल्यानं विटांची दोरी पुन्हा हातात धरली.

"मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते. पाठांतर माझ्यासमोर करायचे. मी चुलीशी, ते पाटावर. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या पुस्तकात माझ्यासाठीही काहीतरी आहे. तुम्ही उभे राहून वाचता ते लोकांसाठी. ते माझ्यासाठी वाचायचे. वेगळे झाल्यावरसुद्धा येऊन वाचायचे, तुम्ही भट्टीवर असताना. तीन वर्षांपूर्वी ते बंद झालं." ती थांबली. दम लागला होता. "मी तुम्हाला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पोट भरलेलं असून मी उपाशी आहे हो, तीन वर्षं."

आपण वाचलं आणि घरचंच माणूस उपाशी ठेवलं, हे चुनेवाल्याला कळलं. पण कळलं की माणूस लगेच शहाणा होतो असं थोडंच आहे. तो चिडला. गवंड्यानं यायचं बंद केलं तर तो काय करणार, असं म्हणाला. मी त्याचे पाय धरू का, असंही म्हणाला. तो तरातरा बाहेर पडला.

भट्टी त्या दिवशी जळत होती. वरून धूर, खालून धग. त्यानं गड्याला हटवून स्वतः पहार हातात घेतली आणि खालच्या तोंडातून राख ओढायला लागला. ओढता ओढता तो पुटपुटत होता, आणि काय पुटपुटतोय ते लक्षात आलं तेव्हा थांबला. हद्दीच्या दगडाचा उतारा होता तो. इतका सवयीचा झाला होता, की भावाची आठवण आली की आपोआप तोंडात यायचा. चुनेवाल्यानं पहार खाली टाकली. मग गड्याला सगळं नीट बघ म्हणून सांगितलं आणि तसाच, राखेच्या अंगानं, घराकडे निघाला.

घराच्या बाजूनं वळून भावाच्या अंगणाकडं जाताना त्याची करंगळी कशावर तरी आपटली. तो कळवळून खाली बसला. हातानं चाचपलं तर तोच दगड. तीन वर्षं तो सगळ्यांना सांगत होता, दगड कुठं होता आणि कुठं आलाय ते आंधळ्यालाही दिसेल. आता तो दगडाच्या ह्या बाजूला बसलाय की त्या बाजूला, हेही त्याला सांगता येईना. बोटातून रक्त येत होतं. त्यानं ते मातीनं दाबलं आणि उठला.

गवंडी जेवून ओसरीवर दुपारचा टेकला होता. त्याच्या बायकोनं आधी बघितलं आणि ती आत गेली. चुनेवाला पायरीच्या खालीच उभा राहिला.

"वहिनी बरी नाही," तो म्हणाला.

गवंडी म्हणाला, ठाऊक आहे. त्याची बायको दुपारची येऊन बसते तिच्याजवळ, दादा भट्टीवर असताना. चुनेवाल्याला हे नवीन होतं. घरात काय काय चालतं, हे ह्या वाचकाला तेवढं वाचता आलं नव्हतं.

"तुला बोलावलंय. वाचायला."

"तू आहेस की. वाचक."

इथं चुनेवाल्याला परत फिरता आलं असतं.  ओसरीच्या खांबाला गवंड्यानं दिलेला चुना त्याच्याच भट्टीचा होता. त्याच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. पाठ आहे ते म्हणतो."

गवंडी उठून बसला. त्यानं भावाकडे नीट बघितलं, तो साय आलेला डोळा, राखेनं माखलेला सदरा, पायाच्या करंगळीचं रक्त.  मग गवंडी हळू म्हणाला, "मी येऊन काय करू, दादा? तीन वर्षं मी पुस्तक उघडलं नाही. उघडलं की तुझाच आवाज येतो. कुठलंही पान काढ, तू चष्म्यावरून बघतोयस असं वाटतं. तू मला चर्चमधून उठवलंस त्याचं एवढं नाही. पुस्तकातून उठवलंस."

चुनेवाल्याला आयुष्यात कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि तेही आवाज न चढवता. चौदातला एकही उतारा त्याच्या मदतीला आला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "दगडाचं सोड. हातभर काय, वावभर घे. पण चल. ती जेवत नाही."

"जागा नको मला," गवंडी म्हणाला, आणि पायात चपला घातल्या. निघताना त्यानं दादाचा दंड धरला, कारण वाटेत तो दगड होता.

वहिनीनं दीराला बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या. पुसायलाही तिनं हात उचलला नाही. गवंडी खाटेशी स्टूल ओढून बसला, तिच्या हातावर हात ठेवला, किती वाळलीस असं म्हणाला. मग त्यानं फडताळातलं पुस्तक घेतलं. उघडलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं.  पुस्तक मिटून त्यानं मांडीवर ठेवलं.

"होत नाही, वहिनी."

चुनेवाला दाराशी उंबऱ्याला टेकून जमिनीवर बसला होता. "मी कधी वाचलं नाही असं काहीतरी असेल त्यात," तो म्हणाला. "ते बघ."

गवंड्यानं विचार केला. मग पुस्तकाचा मागचा भाग, नवा करार, काढून त्याच्या पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "हे तू कधीच वाचलं नाहीस."

"काय?"

"प्रभूचे वाडवडील. कोण कुणाचा मुलगा."

"त्यात वाचायचं काय? नुसती नावं."

"म्हणूनच," गवंडी म्हणाला, आणि वाचायला लागला.

खरंच नुसती नावं होती. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. कुणाला लागेल असं त्यात एक अक्षर नव्हतं. गवंड्याचा आवाज सुरुवातीला अडखळत होता, मग भिंत उचलताना एकावर एक चिरा बसत जावा तसा एका लयीत पडायला लागला. एका ठिकाणी मात्र पुस्तकात नुसतं एकाचं नाव नव्हतं, पुढं 'आणि त्याचे भाऊ' असंही होतं. तिथं गवंडी क्षणभर थांबला. त्यानं मान वर केली नाही, कुणाकडे बघितलं नाही. तरी उंबऱ्यातल्या चुनेवाल्याची मान खाली गेली. तीस वर्षांत तो पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. नावं त्याच्या ओळखीची नव्हती, पण कितीतरी माणसं त्या दारातून आत येत आहेत आणि कुणीच कुणाला जागा सरकव म्हणत नाही, असं त्याला वाटायला लागलं. 

राजे झाले, परदेशात नेलेल्यांची नावं सुरू झाली, आणि गवंडी एका नावापाशी अडला. दोनदा जुळवून बघितलं, जमेना. सवय गेली होती.

"दादा, हे कसं म्हणायचं? ज-रु... पुढे जोडाक्षर आहे."

"मला माहीत नाही," चुनेवाला म्हणाला. हे वाक्य तो त्या पुस्तकाबद्दल प्रथमच बोलत होता.

"जरुब्बाबेल," खाटेवरून आवाज आला.

दोघांनी तिकडं तोंड फिरवलं. तिचे डोळे मिटलेलेच होते.

"शल्तीएलचा जरुब्बाबेल. त्याचा अबीहूद. त्याचा एल्याकीम," ती म्हणाली, आणि पुढची सगळी नावं एकामागून एक, पार शेवटपर्यंत, घरच्या माणसांना हाका माराव्यात तशी म्हणत गेली. गवंडी बोट ओळीवरून सरकवत होता. एकही चुकलं नव्हतं.

"तुम्हीच चुलीशी पाठ करायचात, भाऊजी. हे तुम्हाला काही केल्या यायचं नाही, म्हणून मला आलं," ती म्हणाली. "पडल्यापासून मधूनच तुटायचं, पुढचं सापडायचं नाही. आज तुम्ही सुरुवात करून दिलीत आणि आलं सगळं."

"इतकी वर्षं तुझ्यापाशी होतं?" चुनेवाल्यानं विचारलं.

"होतं. चर्चमध्ये तुम्ही कुणाला तरी झोडपायला लागलात, की मी मनात हे म्हणायची. तुमचा उतारा संपायच्या आत माझी नावं येशूपाशी पोहोचलेली असायची."

गवंड्याला हसू आवरेना. चुनेवाल्याला हसावं की रडावं कळेना, आणि त्यानं दोन्ही केलं, राखेच्या बाहीनं तोंड पुसत. मग तो उंबऱ्यावरून सरकत खाटेपर्यंत आला आणि दांडीला धरून बसला.

"मला शिकव," तो म्हणाला.

"आधी ते अवघड म्हणा. ते आलं की बाकीची येतात. जरुब्बाबेल."

त्यानं म्हटलं, चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. तिनं तोडून तोडून सांगितलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं.

"हं," ती म्हणाली. "आता मला जरा पेज द्या. मग पुढचं."

मी आणतो म्हणून गवंडी उठत होता, पण चुनेवाल्यानं त्याला हातानं बसवलं. तो स्वतः उठला आणि भिंत चाचपत चुलीकडे निघाला, परत येईपर्यंत विसरू नये म्हणून तोंडानं सारखं जरुब्बाबेल, जरुब्बाबेल म्हणत.